अ.पा.क. आई

वडील गेल्यानंतर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सातबाऱ्याची एक हाती लिहिलेली नक्कल सापडली. १९५० च्या दशकातली, चार घड्या घातलेली आणि घड्यांवर फाटलेली. तीत आजोबांचं नाव होतं, नावापुढं २ आणे ८ पै. त्याखालच्या ओळीत आणखी एक नाव होतं. बापाचं नाव तेच, आडनाव तेच, पुढं पुन्हा २ आणे ८ पै. दोन्ही नावांना मिळून एक कंस आणि कंसापुढं ‘अ.पा.क. आई’. आईचं नाव नेमकं घडीवर आलं होतं आणि तिथं कागदच उरला नव्हता.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस सज्ञान नसेल तर त्याच्या वतीनं जमीन सांभाळणारा माणूस. सातबाऱ्याच्या त्या काळात आजोबा चाळिशीच्या पुढं होते, त्यांना पाच मुलं होती. तरी कागदावर ते अजून आईच्या पदराखालचे अज्ञान होते, कारण ती नोंद बदलायला कुणी गेलंच नव्हतं. ते एक वेळ समजलं. दुसरं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांना पक्कं माहीत होतं, की आजोबा एकुलते एक.

गावी आत्याला विचारलं. ती आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. “दादांना भाऊ नव्हता गं,” ती म्हणाली. मग पणजीचं नाव विचारलं, तर ती गप्प झाली. पणजीला तिनं लहानपणी पाहिलेलं. पांढरं लुगडं, हात मोकळे, परसात लावलेला पावटा, हे सगळं तिला आठवतं. “पण नाव? तिला सगळे थोरली आई म्हणायचे. सासूचं नाव सून घेत नव्हती, नातवंडांना घ्यायचं कारण नव्हतं. नवरा तर आधीच गेलेला.”

मागच्या भाद्रपदात वडिलांचा पहिला म्हाळ घातला, तेव्हा भटजींनी भावाला विचारलं होतं: आईच्या सासूचं नाव, तिच्या सासूचं नाव. आजीचं सांगितलं. पणजीपाशी अडलं. भटजी समजूतदार होते. म्हणाले, नाव आठवत नसेल तर नुसतं नातं म्हणा. तीळपाणी सोडलं गेलं, पण नातं म्हणताना भावाचा आवाज उतरला होता, तो माझ्या कानातून गेला नाही. शोध तिथून सुरू झाला.

आधी त्या आणे-पैचा हिशेब सांगते, कारण जुन्या जमिनीच्या कागदात कुटुंबाचा आकार याच आकड्यांत दडलेला असतो. सगळी जमीन म्हणजे एक रुपया. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, एकूण १९२ पै. तीन भाऊ असतील तर प्रत्येकी ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. जुन्या उताऱ्यावर ५-४ दिसलं, की वाटणीला तीन जण बसले होते असं समजावं. २ आणे ८ पै म्हणजे ३२ पै, सहावा हिस्सा. तिसऱ्या हिश्श्याचा अर्धा. म्हणजे पणजोबा तिघांपैकी एक होते, आणि त्यांच्या माघारी त्यांचा हिस्सा दोघांत विभागला गेला होता. दोन मुलांत. वंशावळ कुणी लिहून ठेवली नव्हती, पण सरकारनं तिचं गणित मांडून ठेवलं होतं.

आपल्याकडं पूर्वजांचा शोध घ्यायला कुणी हौसेनं निघत नाही. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमबाहेर बाकावर बसलेल्या माणसांना विचारा. दहांतले आठ जण जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी आलेले असतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. या तारखा आता गावागावांत लोकांना सणासारख्या पाठ आहेत. मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अडलेला असतो, आणि तिचा बाप पणजोबाचा शाळेचा दाखला शोधत तालुक्याला येतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडला तर जन्मतारीख बहुधा १ जून असते, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि मास्तर पोराच्या उंचीवरून वय ठरवायचे. तरी त्या ओळीत जात असते, गाव असतं, बापाचं नाव असतं. त्या एका ओळीसाठी माणसं दिवस दिवस बसतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. पुढं ते काम राज्यभर पसरलं. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, कुळनोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर ही नावं रोजच्या वर्तमानपत्रात येऊ लागली. मोडी वाचणाऱ्यांना, उर्दू जाणणाऱ्यांना कचेऱ्यांतून बोलावणी गेली. कित्येक कपाटं त्या निमित्तानं पहिल्यांदा उघडली. त्या मागणीचं राजकारण हा वेगळा विषय आहे. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की आपलं भूतकाळाचं घर इतकं मोठं आहे आणि त्याच्या किल्ल्या इतक्या थोड्या माणसांकडं उरल्यात, हे त्या वेळी सगळ्यांना दिसलं.

बाकावर माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, भटक्या जमातीतले. त्यांना १९६१ पूर्वीचा कागद हवा होता. ते म्हणाले, “ताई, आमचा आजा एका गावात तीन रात्री राहायचा. त्याचं नाव कोण लिहून ठेवणार?” त्यांच्यासारख्यांच्या पूर्वजांची नावं सापडतात ती कधी पोलिसांच्या वहीत, कारण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद ठेवली. तो कायदा उठून ३१ ऑगस्ट १९५२ ला ते मुक्त झाले. ज्याच्याकडं सारा देण्याजोगी जमीन होती त्याचा पणजोबा सरकारला माहीत होता, आणि ज्याच्यावर सरकारचा संशय होता त्याचाही. मधल्या सगळ्यांनी काय करायचं, याचं उत्तर त्या बाकावर कुणाकडंच नव्हतं.

माझं काम तुलनेनं सोपं होतं. हाताशी सातबारा होता, आणि सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात फेरफाराचे नंबर असतात. तो गोल म्हणजे पुढच्या दाराचा पत्ता. गाव नमुना सहा ही फेरफाराची वही. जमिनीवरचा हक्क ज्या दिवशी एका माणसाकडून दुसऱ्याकडं गेला, त्या दिवसाची गोष्ट तिच्यात असते: खरेदी, वाटणी, गहाण, बक्षीस, वारस. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला आणि पुढच्या दहाएक वर्षांत या वह्या गावोगावी सुरू झाल्या. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्यानं सातबाऱ्यापाशी थांबू नये. सातबारा हा निकाल आहे, हकिगत फेरफारात असते.

गोलातला नंबर दोन आकडी होता, म्हणजे वहीच्या सुरुवातीचा. नकलेचा अर्ज दिला. तीन आठवड्यांनी अर्जावर शेरा आला: ‘अभिलेख जीर्ण, नक्कल देता येत नाही.’ हा शेरा ज्यांनी वाचलाय त्यांना कळेल, की त्यात ‘नाही’पेक्षा ‘जीर्ण’ हा शब्द जास्त लागतो. म्हणजे कागद आहे. कुठल्या तरी मांडणीवर, कसर लागलेला, पण आहे. राज्य सरकारनं जुने सातबारे-फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर टाकायला घेतलेत, आणि बऱ्याच जणांना आता घरबसल्या आजोबांचा उतारा मिळतो. आमच्या गावच्या वहीचं ते पान तिथंही कोरं निघालं. बहुधा स्कॅन करणाऱ्यालाही ते पान उलटायचा धीर झाला नसावा. मी पुन्हा अर्ज केला, या वेळी नुसतं पाहू देण्याचा.

रेकॉर्ड रूममध्ये कागद रुमालात बांधलेले असतात. हात पुसायचा रुमाल नव्हे, चौकोनी मोठं कापड, त्यात गठ्ठा ठेवून चारी टोकांची गाठ मारलेली. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला जुने लोक अजून पेशवे दप्तर म्हणतात, असे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. तिथल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात छापून घेतले. तिथं शतकानुशतकांचे सरदार, इनामदार, वतनदार भेटतात. १८५२ नंतर इनाम कमिशननं प्रत्येक इनामदाराला विचारलं, की ही जमीन तुला कुणी, कधी, कशी दिली. आणि त्या धाकानं घराघरांनी आपल्या वंशावळी लिहून दिल्या. ज्यांना इनाम नव्हतं त्यांना तो धाकही नव्हता आणि वंशावळही नाही. आमच्यासारख्यांसाठी तालुक्याचा रुमालच खरा.

कागदांचं आयुष्यही ठरवून दिलेलं असतं. ‘अ’ वर्गाचे कायम जपायचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षं, त्याखालचे दहा, पाच, एक वर्ष. हक्काच्या नोंदी बहुधा कायमच्या गठ्ठ्यात जातात. पण निकाली निघालेल्या प्रकरणांत माणसांचे जबाब असतात, माणसं स्वतः बोललेली असतात, आणि तसले कागद मुदत संपली की नष्ट करायच्या यादीत येऊ शकतात. कूळ कायद्याच्या ३२-ग च्या चौकशीत आमच्या शेजारच्या घरातल्या एका कुळाचा जबाब मी पाहिलाय. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाला ही जमीन तुमच्या ताब्यात होती काय, या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं होतं, की माझा बाप याच बांधावर मेला. कारकुनानं ते तसंच उतरवलं, खाली ‘निशाणी डावा अंगठा’. असे कागद जपायला कुणी सांगितलेलं नसतं. जिथं ते उरलेत तिथं कुणा एका रेकॉर्ड कीपरच्या मायेनं उरलेत. माझ्या तालुक्यात तसा एक माणूस होता. त्यानंच दुसऱ्या अर्जाच्या वेळी वही उचलून आणली, मधल्या टेबलावर ठेवली आणि पानं स्वतः उलटली.

पान मोडीत होतं. शिरोरेघ आधी डावीकडून उजवीकडं सलग ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत न्यायची, हात उचलायचा नाही. ह्रस्व-दीर्घ एकच, शब्द एकमेकांत अडकलेले. एका निवृत्त शिक्षकांना बरोबर नेलं होतं. गुरुजींनी चष्मा पुसला, खिडकीजवळ गेले आणि आधी वाचलंच नाही. नुसतं पान पाहत राहिले. “आधी हात ओळखीचा व्हावा लागतो,” ते म्हणाले. मग त्यांनी गावाचं नाव शोधलं. ते आपल्याला माहीत असतं, त्यामुळं त्यावरून या लेखणीचा ‘ग’ कसा, ‘भ’ कसा, ते कळतं. मग तारीख. मग मयताचं नाव. आणि मग ओळ सलग वाचली: मयत यांस वारस मुलगे दोन, दोन्ही अज्ञान, पालनकर्ती आई. पुढं तिचं नाव. वर्दीवरून नोंद केली. साल १९१९.

पहिलं अक्षर कसरीनं अर्धं खाल्लं होतं. गुरुजींनी त्याच पानावर तोच वळसा दुसऱ्या दोन नावांत शोधला, बोटानं हवेत गिरवला आणि तेव्हाच बोलले. ते नाव मी इथं छापत नाही, आधी ते म्हाळात घेतलं जावं अशी घरच्यांची इच्छा आहे. एवढं सांगते, की ते एका नदीचं नाव आहे, त्या काळी गावात दर चौथ्या घरात असेल असं.

तिचं नाव त्या कागदावर का आलं, हे कळल्यावर मला बराच वेळ काही सुचलं नाही. मुलगे सज्ञान असते तर ते आलंच नसतं. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत थोडा तरी हक्क देणारा कायदा १९३७ चा. त्याआधी मुलगे असताना ती वारस नव्हती. जुन्या दस्तांत पुरुष ‘अमका बिन तमका’ असतो, बाई ‘अमकी कोम तमका’ किंवा ‘भ्रतार तमका’. तीही कधीतरीच. माझ्या आजीचं नाव जमिनीच्या एकाही कागदावर नाही, कारण आजोबा तिच्यानंतर गेले. पणजीचं आहे, कारण तिचा नवरा तरणा गेला आणि पोरं लहान होती. नाव उरायला तिला ही किंमत पडली.

नवरा कशानं गेला, ते कोतवाल बुकात होतं. गावोगावचे जन्ममृत्यू ज्यात लिहीत, त्या जुन्या वहीला लोक कोतवाल बुक म्हणतात. कुणी जुना नमुना चौदा म्हणतात. १९१८ चा आश्विन-कार्तिक काढायला सांगितला. आधीच्या महिन्यांना अर्धं पान पुरत होतं. या महिन्याची पानं संपेनात. वय चाळीस, ताप. वय बावीस, ताप. वय एक, ताप. वय तीस, ताप. इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबई बंदरात आला आणि पावसाळा सरता सरता घाट चढून गावांत शिरला. आपल्याकडं त्याला मानमोडी म्हणत. मुंबई इलाख्यात त्या एका साथीनं दहा लाखांहून अधिक माणसं नेली, त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मधेच एका पानावर अक्षर बदललं. कोवळं, सावकाश काढलेलं अक्षर, आठ-दहा ओळी. मग पुन्हा पहिला हात, थोडा थरथरता. लिहिणाराही झोपला होता आणि त्याच्या मुलानं बोरू धरला होता, असं गुरुजींचं म्हणणं. मला ते पटलं. पणजोबांची नोंद त्या कोवळ्या अक्षरात आहे.

दुसरा मुलगा चार वर्षांनी सापडला, त्याच वहीत. वय पाच, कारण देवी. म्हणजे मानमोडीच्या वेळी तो अंगावर पीत असणार. त्याच्या मरणाची वर्दी तलाठ्याच्या किंवा कुलकर्ण्याच्या दप्तरात कुणी दिली नाही. जन्ममृत्यूची वही एकीकडं, हक्काची वही दुसरीकडं, आणि दोन्हींना जोडणारा माणूस घरात नव्हता. त्यामुळं पाच वर्षांचा तो मुलगा पुढं तीसेक वर्षं २ आणे ८ पैचा मालक म्हणून सातबाऱ्यावर राहिला. घरानं त्याला पार पुसलं. नाव कुणी दुसऱ्या मुलाला ठेवलं नाही, गोष्टीत आणलं नाही. कागदानं मात्र त्याला मरू दिलं नाही.

घरचं विसरणं आणि कचेरीचं विसरणं वेगळं असतं, म्हणून दोन्हीकडं पाहावं लागतं. त्र्यंबकेश्वरला, पैठणला, काशी-गयेला तीर्थोपाध्यायांकडं चोपड्या असतात. गावाचं आणि आडनावाचं सांगितलं, की ते पाच-सात पिढ्यांपूर्वी कोण कुणाचं श्राद्ध करायला आलं होतं ते काढून दाखवतात, कधी खाली आलेल्याची सहीसुद्धा. कोल्हापूर-सांगली भागात सुगीनंतर हेळवी दारी येतात आणि घराण्याची वंशावळ घडाघडा म्हणतात. आमच्या घराला तीर्थाला जाणं परवडलं नाही, चोपडीत आमचं पान निघालं नाही. हेळव्यानं सात पिढ्या सांगितल्या, सगळे पुरुष. मॉरिशसमधल्या मराठी घरांतली माणसं कधी रत्नागिरी जिल्ह्यात आपलं गाव शोधत येतात. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये १८३४ पासून तिकडं गेलेल्या मजुरांची रजिस्टरं आहेत. त्यांत बाईचंही नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण टिपलेली असते. गोऱ्या मळेवाल्याला ती मजूर म्हणून मोजून हवी होती. पण गावाचं नाव परक्या कानांनी ऐकून असं लिहिलेलं, की त्यातून आपली वाडी ओळखणं नशिबाचं काम.

आता शेवटचा कागद. फेरफाराच्या वहीत पणजीच्या नोंदीनंतर दोनच वर्षांनी आणखी एक नोंद होती, गहाणाची. तिचा दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीत असायला हवा होता, कारण शंभर रुपयांवरचं गहाण नोंदवावंच लागे. आपल्या भागात शेतकऱ्याच्या कर्जाचे दस्त काटेकोर का, यालाही इतिहास आहे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि नेमकी खतं, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. पुणे-नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. मग १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी, आणि शेतकऱ्यानं काय लिहून दिलं ते सरकारी माणसासमोर लिहिलं जाऊ लागलं. शिक्षण नसलेल्या माणसाला फसवू नये म्हणून केलेली ती व्यवस्था होती. तिच्यामुळं आज आपल्याला त्या माणसाचा कुठला बैल मेला होता, तेही कळतं.

इंडेक्सवरून दस्त निघाला. लिहून देणार: नदीचं नाव, कोम अमुक, अज्ञान मुलांची पालनकर्ती. कारण: एक बैल व बी-बियाणं. दीडशे रुपये, मुदत पाच वर्षं. चतुःसीमा लिहिल्या होत्या, त्यातला पूर्वेचा ओढा अजून वाहतो. शेवटी सही. निबंधकाच्या वहीत मूळ दस्त नसतो, त्याची कारकुनानं उतरवलेली नक्कल असते. पूर्वी लिहिता न येणाऱ्यानं सहीच्या जागी आपली खूण काढायची रीत होती. कुणब्यानं नांगर, सुतारानं किंकरं, चांभारानं आरी. बाईनं बांगडी. नकलेत खूण नव्हती, शब्द होते: ‘निशाणी बांगडीची, दस्तुर अमुक.’

संध्याकाळी आत्याजवळ बसून तिला सगळं वाचून दाखवलं. आधी नाव. तिनं ते दोनदा म्हटलं, पहिल्यांदा हळू. पणजीच्या धाकट्या मुलाचं, म्हणजे तिच्या कधीच न झालेल्या काकाचं, नाव ऐकून म्हणाली, “म्हणून ती देवीच्या वारी जेवायची नाही.” मग गहाणखत. बांगडीपाशी तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं.

“तेव्हा तीनेक वर्षं झाली होती ना, नवरा जाऊन?”

“हो.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, की तो मूळ कागद कुठं असेल, तिनं स्वतः काढलेला. मी सांगितलं, की तो सावकाराकडं राहतो आणि पैसे फिटले की परत मिळतो. जमीन आज आपल्याकडं आहे, म्हणजे गहाण सुटलं. म्हणजे कागद तिच्या हातात आला असणार. ट्रंकेत मात्र नाही.

“कुठून असेल,” आत्या म्हणाली. “चुलीत घातला असेल तिनं. मीही तेच केलं असतं.”